राष्ट्रपुरुष, डॉल्बी आणि वाचनालयाची किल्ली

राष्ट्राला राष्ट्रपुरुषांची गरज असते आणि राष्ट्रपुरुषांना चौकाची. चौक नसलेला राष्ट्रपुरुष आणि राष्ट्रपुरुष नसलेला चौक, दोघांचीही अडचण एकच: रिक्षावाल्याला पत्ता सांगता येत नाही. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो चौक आहे, त्याला सुदैवानं राष्ट्रपुरुष मिळालेले आहेत. पुतळा छातीपर्यंत आहे. (उरलेला भाग दुसऱ्या टप्प्यात होणार होता. पहिल्या टप्प्याचं उद्घाटन इतकं दणक्यात झालं, की दुसऱ्याची गरज कुणाला वाटली नाही.)

या राष्ट्रपुरुषांचं नाव मी इथं देणार नाही. नाव दिलं की निम्मे वाचक तिथंच थांबतात, कारण ते राष्ट्रपुरुष ‘आपले’ नसतात. आणि उरलेले निम्मेही थांबतात, कारण ते आपलेच असतात आणि आपल्यांविषयी आपल्याला सगळं ठाऊक असतं. जयंतीचा महिनाही सांगत नाही. महिन्यावरून लोक बरोबर ओळखतात. पुतळ्याच्या डोक्यावर पगडी आहे, फेटा आहे, टोपी आहे की नुसतेच केस, आणि मिरवणुकीत कोणत्या रंगाची पावडर उधळतात, हेही गुलदस्त्यात राहू द्या. मंडळातल्या माणसांच्या नावांवरून अंदाज बांधू पाहाल तर फसाल. गल्ली मिश्र आहे. कुणी घरात कानडी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी दखनी, आणि भांडण लागलं की सगळे मराठीत येतात.

तर मंडळ. अध्यक्ष गुरप्पा अण्णा. सिमेंट-पत्र्याचं दुकान, मनानं दिलदार, आवाजानं त्याहून. चिटणीस संगमेश. मोबाईलवर मराठी टाइप करता येतं, या एका गुणावर त्याची बिनविरोध निवड होत आलेली आहे. डॉल्बीचे प्रमुख इसूफभाई. टेम्पो त्यांचा, डॉल्बी मंडळाचा आणि कान सगळ्यांचे. मी सल्लागार. निवृत्त झालेल्या माणसाला आमच्याकडे सल्लागार करतात. निर्णय झाल्यावर तो मला कळवतात आणि मी तो घ्यावा असा सल्ला देतो.

पुतळ्याशेजारी एक खोली आहे. तिच्यावर ‘राष्ट्रपुरुष सार्वजनिक वाचनालय’ अशी पाटी आहे. खोलीत मागच्या भिंतीला लोखंडी कपाट, आणि कपाटात राष्ट्रपुरुषांचं समग्र लेखन, खंड एक ते सहा. हे सगळं त्यांनी स्वतः लिहिलं, तेही तुरुंगात बसून. तिथं लाइट नव्हती आणि डॉल्बीही नव्हता, त्यामुळे लिहून झालं.

मंडळानं डॉल्बी घेतला तेव्हा तो ठेवायचा कुठं असा प्रश्न उभा राहिला. यावर जी चर्चा झाली ती आपल्या लोकशाहीवरचा विश्वास वाढवणारी होती. वाचनालयात माणसं येतात आणि वाचून निघून जातात. म्हणजे ती तात्पुरती. डॉल्बी मात्र कायमचा. तात्पुरत्यासाठी कायमच्याची गैरसोय करणं कोणत्याही तत्त्वात बसत नाही. शिवाय दोन्ही गोष्टी राष्ट्रपुरुषांच्याच कार्यासाठी होत्या. सबब डॉल्बी वाचनालयात गेला. पाटी तशीच ठेवली, कारण आमच्यात इतिहासाचा आदर आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मध्येच श्रीदेवी निघाली.

श्रीदेवी म्हणजे कल्लप्पा मागवाल्याची थोरली. कल्लप्पाचं घर आणि यंत्रमागाची शेड यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही मागाच्या बाजूची. दिवसभर खटॅक-खटॅक. ताटातली शेंगाचटणी आपोआप एका कडेला जाऊन बसते. अशा घरात बसून ही पोरगी सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची संधी. यंदा निघाली नाही तर मैंदर्गीचं स्थळ बघून ठेवलेलं होतं. मुलगा चांगला होता. तिला तो नको होता एवढंच.

ती अण्णांच्या दुकानात गेली. मी तिथं पेपर वाचत बसलो होतो.

“अण्णा, वाचनालयाची किल्ली द्या की. परीक्षा आली जवळ.”

“देतो की गं. किल्लीचं काय एवढं! पण बसणार कुटं? आत डॉल्बी हाय.”

“डॉल्बी भायेर काढा.”

“भायेर?” अण्णांनी सिमेंटच्या पोत्यावर हात टेकला. “ऊन लागलं, धूळ गेली तर? मोठा बेस हाय तो. तुझं काय, शाणी पोरगी हायस, कुटंबी बसशील. डॉल्बी कुटंबी बसंल व्हय?”

“मग दुसऱ्या मंडळात ठिवा.”

“येन् मातु! काय बोलणं म्हणायचं हे!” अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. “ऐकलं का काका? आपला डॉल्बी दुसऱ्याच्या मंडळात! हितंच इतिहास बिघडतो बघा आपला.”

मी मान हलवली. सल्लागाराच्या मानेचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं घ्यायचा असतो. श्रीदेवी पुन्हा एकदा आली, मग आणखी एकदा. अण्णांनी प्रत्येक वेळी तिला चहा पाजला. किल्ली सदऱ्याच्या खिशात होती, ती खिशातच राहिली.

त्याच सुमारास नगर प्रबोधन परिषद नावाच्या एका संस्थेनं आदर्श जयंती मंडळ स्पर्धेत नवी अट घातली. आजवर गुण असायचे ते रोषणाई, शिस्त, लेझीम आणि पाहुण्यांची संख्या यांना. आता अर्धे गुण एका नव्याच गोष्टीला ठेवले होते: ‘राष्ट्रपुरुषांचे क्रांतीविषयक विचार व इतिहासभानाची तत्त्वे: मंडळाने केलेली अंमलबजावणी’. परीक्षक जयंतीच्या संध्याकाळी स्वतः येऊन पाहणार.

मंडळाची तातडीची बैठक पुतळ्याच्या पायथ्याशी भरली. (पाय नसल्यानं पायथा म्हणणं चूक आहे, पण इतिवृत्तात तसंच आहे.) आमच्या बैठका इतक्या मोकळ्या आवाजात होतात, की गल्लीला वेगळं कळवावं लागत नाही.

“विचार लागणार हायत,” संगमेश म्हणाला. “कुटनं आणायचे?”

“कुटनं म्हंजे? त्यांचेच आणायचे की बे,” अण्णा म्हणाले.

“त्यांचे कपाटात हायत.”

“मग काढ.”

“कपाट डॉल्बीच्या मागं हाय.”

“डॉल्बी काढ.”

इसूफभाई खुर्चीवर ताठ झाले. “नक्को अण्णा. एक बार डिब्बे हिले, तो पूरी सेटिंग बिगडती. जयंतीलाच काढायचे ते.”

“मग विचार कवा मिळतील?”

“जयंतीला. चार वाजता. मिरवणूक निघाल्यावर.”

“आन् मिरवणुकीत कोण कोण असणार?”

“सगळेच की.”

प्रश्न अवघड होता. विचार उपलब्ध होत होते, पण ज्या वेळी होत होते त्या वेळी ते वाचायला कुणी मोकळं नव्हतं. आणि ज्या वेळी सगळे मोकळे होते त्या वेळी ते डॉल्बीमागं होते. संगमेशनं इतिवृत्तात लिहिलं: ‘राष्ट्रपुरुषांचे विचार जयंतीदिनी सायंकाळी आपोआप उपलब्ध होतील. तोवर तात्पुरते विचार वापरावेत.’ ठराव एकमतानं मंजूर झाला.

तात्पुरते विचार मोबाईलवरच्या ग्रुपांवरून गोळा केले. दोन दिवसांत ढीग जमला. छाननीची जबाबदारी माझ्याकडं आली. त्यांपैकी साधारण चाळीस टक्के विचार आईवडिलांविषयी होते, तीस टक्के नात्यांतल्या विश्वासाविषयी आणि वीस टक्के पहाटे उठण्याविषयी. उरलेल्या दहा टक्क्यांत बहुतेक ठिकाणी ‘सुप्रभात’ एवढंच होतं, खाली राष्ट्रपुरुषांचं नाव आणि गुलाबाचं फूल. क्रांतीविषयी एकही नव्हता. ‘पाया मजबूत, तर पिढ्या निश्चिंत’ हा एक विचार मात्र सगळ्यांच्या काळजाला भिडला. तो पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीतला निघाला. तरी तो ठेवला, कारण राष्ट्रपुरुष आज असते तर त्यांनाही तो पटला असता, असं अण्णांचं मत पडलं. टाक्या अण्णांच्याच दुकानात मिळतात, याचा इथं काही संबंध नाही.

फ्लेक्स तयार झाला. मधोमध हा विचार, डावीकडं अण्णा, उजवीकडं अण्णा (फेट्यासह), खाली कार्यकारिणी, आणि वर कोपऱ्यात, जिथं लाइटच्या खांबाची तार जाते तिथं, राष्ट्रपुरुष.

या सगळ्या व्यवस्थेत एक बारीकशी फट राहून गेली होती, आणि ती गल्लीत एकीलाच दिसली. बैठक श्रीदेवीनंही ऐकली होती, गच्चीवर कपडे वाळत घालताना. आमच्या डोक्यात त्या ठरावाचा दुसरा भाग राहिला. तिच्या डोक्यात पहिला राहिला: वर्षातून एकदा, चार वाजल्यापासून, खोली मोकळी असते.

जयंतीला चार वाजता डॉल्बी निघाला. बॉक्स टेम्पोत चढवताना पोरांनी ‘विजय असो’ म्हटलं. तो राष्ट्रपुरुषांचा की बॉक्सचा हे गर्दीत कळलं नाही. खोलीचं दार उघडंच राहिलं. कुलूप लावायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण आत चोरीला जाण्यासारखं आता काही नव्हतं. नुसतं पुस्तकांचं कपाट होतं.

मिरवणूक वेशीपर्यंत गेली आणि तिथं थांबली. पोलिसांनी एक छोटं यंत्र बॉक्ससमोर धरलं, त्यावरचा आकडा बघितला आणि एकमेकांकडं बघितलं. इसूफभाईंनी आवाज कमी केला. यंत्राचं समाधान झालं नाही. साहेब म्हणाले, डॉल्बी जिथून आणला तिथं नेऊन ठेवा, बाकी मिरवणूक टाळ-लेझमीवर जाऊ द्या. अण्णांनी आपण कोण आहोत ते सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं, आणि तिथं अण्णांचा उत्साह थोडा मावळला.

असा तो डॉल्बी दिवस मावळायच्या आत परत आला. मागं अण्णा, संगमेश, आणि लेझीम सोडून गंमत बघायला आलेली निम्मी मिरवणूक.

खोलीत लाइट लागली होती. जमीन झाडून, पुसून, त्यावर दोन सोलापुरी चादरी अंथरल्या होत्या. श्रीदेवी बसली होती, शेजारी इसूफभाईंची सना, आणि गल्लीतल्या आणखी सात-आठ पोरी. सगळ्यांपुढं वह्या-पुस्तकं. कपाट उघडं होतं.

“ए पोरींनो, उठा उठा,” अण्णा म्हणाले. “डॉल्बी आलाय.”

कुणी उठलं नाही.

“सना!” इसूफभाई ओरडले. “घर कू चल. अम्मी बुलारी.”

“अम्मीच पानी की बाटली भर को दिये, अब्बा,” सना म्हणाली. “बोले, आराम से पढ.”

मिरवणुकीतले लोक हसले. हसणाऱ्यांत अण्णांचे मतदार होते, त्यामुळे अण्णांनाही थोडं हसावं लागलं. मग ते म्हणाले, “श्रीदेवी, आजच्या दिवशी तरी असं करू नये माणसानं. जयंती हाय त्यांची. काय वाटंल त्यांना?”

“तेच वाचत होते की अण्णा,” श्रीदेवी म्हणाली. “तिसऱ्या खंडात हाय. वाचू का?”

उत्तराची वाट न बघता तिनं वाचलं. आवाज शाळेत धडा वाचतात तसा, एकसुरी.

“‘मिरवणुकीला क्रांती समजू नका. मिरवणूक निघते तिथंच परत येते. क्रांती झाली की परत जायला जुनी जागा उरत नाही. क्रांतीला आधी बसायला खोली लागते आणि वाचायला उजेड. आणि माझ्या नावानं ढोल बडवणाऱ्यापेक्षा माझी चूक काढणारा मला जास्त जवळचा.’”

गर्दीत एकदम खळबळ उडाली.

“ढोल बडवणारा कुणाला म्हणते बे ती?”

“कोण म्हणतो असं? नाव सांग त्याचं!”

“तेच म्हणतात की,” श्रीदेवीनं पुस्तकाआडून पुतळ्याकडं बोट केलं.

“त्यांनी म्हटलं म्हणून काय झालं?” अण्णांचा आवाज चढला. “आमच्या राष्ट्रपुरुषांच्या जयंतीला आमच्या राष्ट्रपुरुषांबद्दल असं बोलायचा अधिकार कुणालाबी न्हाय! भावना दुखावल्या का न्हाय आमच्या?”

दुखावल्या होत्या. ते सगळ्यांनी हात वर करून सांगितलं. संगमेशनं मोबाईलवर निषेधाचा मजकूर टाइप करायला घेतला, पण ‘यांचा’ या शब्दाअगोदर कुणाचं नाव टाकायचं इथं तो अडला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. राष्ट्रपुरुषांचा निषेध त्यांच्याच जयंतीला करणं बरं दिसणार नाही, तो पुढच्या महिन्यात घ्यावा, असा सल्ला मी दिला. इतक्या वर्षांत निर्णयाच्या आधी दिलेला हा माझा पहिलाच सल्ला.

“ते ऱ्हाऊ द्या,” अण्णा म्हणाले. “इसूफभाई, बॉक्स उतरवा. पोरी आपसूक उठतील.”

पहिला बॉक्स दोघांनी दारात आणला. श्रीदेवी दारात येऊन बसली. उंबऱ्यावरच, मांडीत पुस्तक घेऊन. तिनं पान उलटलं. बॉक्स जड होता. धरणारे कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत उभे राहिले.

“उठ,” अण्णा म्हणाले. या वेळी ‘पोरी’ नव्हतं, ‘शाणी’ नव्हतं.

“आज उठले तर मैंदर्गीलाच जावं लागंल अण्णा,” ती म्हणाली. “बसू द्या की.”

नेमक्या याच वेळी परिषदेची रिक्षा चौकात थांबली आणि परीक्षक उतरले. प्रमुख परीक्षक मायाक्काबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या गल्लीला त्यांनी कधी ना कधी अंगठे धरून उभं केलेलं होतं, अण्णांनाही. बाईंनी आधी फ्लेक्स वाचला.

“‘पाया मजबूत, तर पिढ्या निश्चिंत.’ गुरप्पा, हा विचार कुठल्या खंडातला रे?”

“शेवटच्या, बाई,” अण्णा म्हणाले. त्यांचा एक हात नकळत कानाच्या पाळीकडं गेला होता.

बाईंनी चष्मा पुसला आणि खोलीकडं पाहिलं. दारात उंबऱ्यावर बसलेली मुलगी. आत पुस्तकं घेऊन बसलेल्या पोरी. दारासमोर बॉक्स उचलून उभे असलेले दोन घामाघूम कार्यकर्ते.

“आणि हे काय चाललंय?”

मोठमोठे मुत्सद्दी जिथं गोंधळले असते, त्या जागी त्या क्षणी गुरप्पा अण्णा उभे होते. पोरी बळजबरीनं बसल्यात म्हणावं, तर वाचनालयात वाचायला बळजबरी का करावी लागते, हे सांगावं लागणार. हे डॉल्बीचं गोडाऊन आहे म्हणावं, तर वरची पाटी दिसत होती. अर्धे गुण समोर उभे होते.

“हाच कार्यक्रम हाय, बाई,” अण्णा म्हणाले. “क्रांतीचा. अंमलबजावणी. आन् ते बॉक्स... ते आमी भायेर काढायलोय. पोरींस्नी जागा व्हावी म्हणून.”

कार्यकर्त्यांनी बॉक्ससकट दिशा बदलली.

“वा!” बाई म्हणाल्या. “आजच्यापुरता, की रोज?”

अण्णांनी तोंड उघडलं. त्याच्या आधी श्रीदेवी बोलली. “रोज, बाई. सकाळी सातला. अण्णा किल्ली माझ्याकडंच द्यायलेत. आज, तुमच्या समोर द्यायची म्हणून थांबले होते.”

सगळ्या चौकानं अण्णांच्या खिशाकडं पाहिलं. सदऱ्याच्या त्या खिशात हात घालायला अण्णांना जो वेळ लागला, तेवढ्या वेळात पुतळ्याचा दुसरा टप्पा पुरा झाला असता. पण हात गेला. किल्ली बाहेर आली. संगमेशनं फोटो काढला. फोटोत अण्णा हसताहेत, आणि श्रीदेवी कॅमेऱ्याकडं न बघता किल्लीकडं बघतेय.

मंडळाला पहिला क्रमांक मिळाला. सोबत एक शेरा होता: परीक्षक वर्षभरात कधीही, न कळवता येऊन पाहणी करतील. या शेऱ्यामुळे आमच्या गल्लीत राष्ट्रपुरुषांच्या विचारांविषयी जी आस्था निर्माण झाली, ती प्रत्यक्ष राष्ट्रपुरुषांनाही निर्माण करता आली नव्हती. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की अण्णा दुकानातून धावत येऊन खोलीत डोकावतात आणि म्हणतात, “वाचा, वाचा. पंखा लावू का?”

डॉल्बी आता माझ्या व्हरांड्यात असतो. सल्लागारानं एकदा तरी उपयोगी पडावं, असा ठराव झाला.

श्रीदेवीची परीक्षा झाली. निकाल यायचा आहे. मैंदर्गीच्या मंडळींना ‘निकालानंतर बघू’ असं कल्लप्पानं कळवलंय, आणि मागाच्या आवाजात त्यांचा पुढचा फोन त्याला अजून ऐकू आलेला नाही.

हे सगळं मी एका जुन्या स्नेह्याला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं, दाद दिली आणि विचारलं, “छान आहे. पण राष्ट्रपुरुष नेमके कोणते?”

मी म्हटलं, “मिरवणुकीविषयी त्यांनी जे म्हटलंय ते कसं वाटलं?”

“ते सांगतो नंतर. आधी हे सांग: आपले, का त्यांचे?”

तुम्ही तसे नाही, हे मी जाणतो. तुम्ही फक्त मघापासून न सांगितलेला महिना, टोपी आणि पावडरीचा रंग यांवरून तीन-चार नावं मनाशी काढलीत, त्यांतलं एक जवळपास नक्की केलंत, आणि त्यावरून त्यांचं म्हणणं पटवून घ्यायचं की नाही तेही ठरवलंत. यात गैर काही नाही. ही आपली इतिहासभानाची चालत आलेली पद्धत आहे.

तरीही नाव हवंच असेल तर सोपं आहे. वाचनालय सकाळी सातला उघडतं. खंड जागेवर आहेत. श्रीदेवीनं सगळ्यांना खाकी कव्हरं घातली आहेत, त्यामुळे नाव बाहेरून दिसत नाही. आतलं पहिलं पान उघडावं, तर ते वाळवीनं खाल्लंय. नाव पुढं कुठंतरी मजकुरात आहे म्हणतात. तेवढं शोधण्यापुरतं तरी बसून वाचत जावं लागेल.

नाव शोधायला अजून कुणी आलेलं नाही.